जे. जे. ते आकुर्डी: वास्तुकलेचं शिक्षण कुठवर आलं?

ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या सर जे. जे. कलासंकुलाला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. स्कूल ऑफ आर्ट, कॉलेज ऑफ आर्किटेक्चर आणि उपयोजित कला संस्था या तीन सरकारी संस्थांचं मिळून एक विद्यापीठ झालं. महाराष्ट्रातल्या वास्तुकला-शिक्षणात एवढी मोठी घटना कित्येक वर्षांत घडली नव्हती. याच काळात राज्यातली बरीच आर्किटेक्चर कॉलेजं मात्र प्रवेशफेऱ्या संपल्यावरही रिकाम्या राहिलेल्या जागा मोजत होती. एकीकडे वास्तुकला-शिक्षणाच्या सव्वाशे वर्षांच्या परंपरेला स्वतःचं विद्यापीठ मिळतं आणि दुसरीकडे त्याच विषयाकडे वळणारी मुलं कमी पडतात. आढावा घ्यायचा तर दोन्ही गोष्टी एकत्र पाहायला हव्यात.

हा आढावा पिंपरीच्या संत तुकाराम नगरातून घेण्याला कारण आहे. महापालिकेचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय इथेच आहे. डॉ. डी. वाय. पाटील विद्यापीठ आणि त्याचं वैद्यकीय महाविद्यालयही इथेच, आणि त्या विद्यापीठाला 2003 पासून अभिमत दर्जा आहे. इथला वैद्यकीय विद्यार्थी वर्गातून उठतो आणि थेट वॉर्डात जातो. पुस्तकात वाचलेला आजार त्याला त्याच आठवड्यात खाटेवर दिसतो, आणि आपण चुकलो तर सांगणारं कुणी शेजारी उभं असतं. तिथून काही किलोमीटरवर आकुर्डीला डॉ. डी. वाय. पाटील कॉलेज ऑफ आर्किटेक्चर आहे, तर निगडीला पिंपरी-चिंचवड एज्युकेशन ट्रस्टचं एस. बी. पाटील कॉलेज ऑफ आर्किटेक्चर अँड डिझाइन. दोन्ही सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न. या मुलांचं रुग्णालय कोणतं? वास्तुकला-शिक्षणातले बहुतेक वाद फिरून याच प्रश्नापाशी येतात, असं मला वाटतं.

पाया

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून 1857 मध्ये जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. 1896 मध्ये तिथे ड्राफ्ट्समनसाठी वर्ग निघाला. इमारत कशी असावी हे ठरवायचं गोऱ्या वास्तुविशारदाने आणि ती कागदावर उतरवायची इथल्या माणसाने, अशी तेव्हाची वाटणी होती. 1913 मध्ये चार वर्षांचा रीतसर अभ्यासक्रम आला आणि ही वाटणी सैल होऊ लागली. 1920 आणि 1930 च्या दशकांत क्लॉड बॅटली यांनी भारतीय वास्तू मोजून, काढून शिकण्यावर भर दिला. जे. जे.तून शिकलेल्या विद्यार्थ्यांनी 1917 मध्ये काढलेली संघटना वाढत वाढत 1929 मध्ये इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स झाली. पेरिन मिस्त्री यांनी 1936 मध्ये इथूनच पदविका घेतली. वास्तुकलेतली पदविका मिळवणाऱ्या त्या देशातल्या पहिल्या स्त्री मानल्या जातात. कोकणातल्या आचऱ्याचे अच्युत कानविंदे इथे शिकले, पुढे हार्वर्डला गेले आणि कानपूर आयआयटीचं संकुल त्यांच्या हातून घडलं. पुण्यात जन्मलेले बाळकृष्ण दोशी 1947 मध्ये इथे दाखल झाले आणि 2018 मध्ये प्रित्झकर पारितोषिक मिळवणारे पहिले भारतीय ठरले.

दोशींनी 1962 मध्ये अहमदाबादला वास्तुकलेची शाळा काढली, तीच पुढे सेप्ट विद्यापीठ म्हणून ओळखली जाऊ लागली. महाराष्ट्राने घडवलेल्या माणसाने शिक्षणाचा वेगळा प्रयोग शेजारच्या राज्यात केला, आणि तिथल्या मोकळेपणाचा हेवा इथले शिक्षक आजही करतात. जे. जे.ला विद्यापीठ करा या मागणीमागे त्या तुलनेचाही वाटा होता.

1972 मध्ये आर्किटेक्ट्स कायदा झाला, त्यातून कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर आली आणि 1983 मध्ये शिक्षणाच्या किमान निकषांचे नियम. त्याच वर्षी वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित तंत्रशिक्षणाला दार उघडलं. अभियांत्रिकीपाठोपाठ वास्तुकलेची खासगी कॉलेजंही निघाली. पुण्यात महर्षी कर्वे स्त्री शिक्षण संस्थेने 1994 मध्ये फक्त मुलींसाठी भानुबेन नानावटी महाविद्यालय सुरू केलं. देशात आज चारशेच्या वर संस्था आहेत आणि महाराष्ट्रातली संख्या सर्वांत मोठ्यांपैकी आहे. एका सरकारी शाळेतून सुरू झालेला विषय निमशहरांपर्यंत पोहोचला, हे या प्रवासाचं खरं यश. दर्जाचे प्रश्नही याच वाढीतून आले.

विद्यापीठ झाल्याने काय मिळतं

जे. जे.च्या बाबतीत दोन मतं होती आणि दोन्ही बाजूंना संस्थेबद्दल जिव्हाळा होता. अभिमत दर्जाच्या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं साधं होतं. हजारो विषय सांभाळणाऱ्या मुंबई विद्यापीठाच्या चौकटीत कला आणि वास्तुकला कायम कोपऱ्यात राहिल्या. अभ्यासक्रम बदलायचा तर वर्षं जायची. स्टुडिओ हा प्रकार, म्हणजे एका विषयावर चार-पाच महिने रोज बसून काम करणं, तीन तासांच्या लेखी परीक्षेच्या साच्यात कधी बसलाच नाही. चित्रकार, उपयोजित कलाकार आणि वास्तुविशारद एकाच आवारात राहूनही एकमेकांच्या वर्गात बसू शकत नव्हते, आता ती भिंत पाडता येईल.

दुसरी बाजू राज्य विद्यापीठाची मागणी करणारी. तिला भीती होती ती शुल्काची आणि सरकारी जबाबदारी पातळ होण्याची. जे. जे.चं मोल तिच्या इमारतीइतकंच तिच्या फीमध्ये होतं. विदर्भातल्या किंवा खानदेशातल्या शेतकऱ्याचं मूल मुंबईत येऊन आर्किटेक्ट होऊ शकायचं, कारण ते सरकारी कॉलेज होतं. अभिमत विद्यापीठाचं शुल्क, भरती आणि प्रवेश यांची चौकट वेगळी असते. आज सरकारने पाठीशी राहायचं म्हटलं, तरी दहा वर्षांनी तोच शब्द पाळला जाईल का, ही शंका त्यांनी मांडली आणि ती गैरलागू नाही.

दोन्ही बाजूंचं ऐकल्यावर मला असं दिसतं की स्वायत्ततेविषयी खरा मतभेद नाहीच. वाद आहे तो तिची किंमत कोण मोजणार याचा. नव्या विद्यापीठाच्या स्वतःच्या अभ्यासक्रमातून शिकलेली तुकडी बाहेर पडून काम करू लागेपर्यंत या वादाचा निकाल लागणार नाही.

आकुर्डी-निगडीसारख्या संलग्न कॉलेजांना हा प्रश्न वेगळ्या रूपात भिडतो. आकुर्डीत 2018 पासून डी. वाय. पाटील आंतरराष्ट्रीय विद्यापीठ आहे, मावळात साते इथे पिंपरी चिंचवड विद्यापीठ उभं राहिलं आहे. एकाच परिसरात संलग्न कॉलेज, अभिमत विद्यापीठ आणि खासगी विद्यापीठ असे तीन प्रकार नांदतात. पालकांना यांतला फरक क्वचितच माहीत असतो. शुल्क कोण ठरवतं आणि परीक्षा कोण घेतं, हे मात्र त्या फरकावरच अवलंबून असतं.

नियम कोणाचे

कॉलेजांवर अधिकार कोणाचा, हा वाद बराच काळ चालला आणि त्याचा निकाल महाराष्ट्रातल्याच एका खटल्यातून लागला. कोल्हापूरच्या श्री प्रिन्स शिवाजी मराठा बोर्डिंग हाउसच्या आर्किटेक्चर कॉलेजचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोव्हेंबर 2019 मध्ये न्यायालयाने सांगितलं की वास्तुकलेच्या शिक्षणापुरता 1972 चा कायदा वरचढ आहे आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेला तिथे हुकूम चालवता येत नाही. दुहेरी मान्यतेच्या कात्रीत सापडलेल्या कॉलेजांना मोकळं वाटलं.

चारच महिन्यांनी, मार्च 2020 मध्ये, नोएडातल्या एका पदाच्या वादावर त्याच न्यायालयाचा दुसरा निकाल आला. कायद्याचं कलम 37 ‘आर्किटेक्ट’ हे बिरुद जपतं, ते नोंदणीकृत व्यक्तीलाच लावता येतं. मात्र इमारतीचं संकल्पन करायला नोंदणी नसलेल्याला कायद्याने बंदी नाही. बिरुदाला कुंपण आणि कामाला मोकळं रान, अशी ही स्थिती आहे. वकिली किंवा वैद्यकीत असं चालत नाही, म्हणून आर्किटेक्टांच्या संघटना कायद्यात दुरुस्ती मागतात. दुसरी बाजूही ऐकण्यासारखी आहे. देशात नोंदणीकृत आर्किटेक्ट लाखाच्या वर आहेत, पण खेड्यापाड्यांतली आणि गुंठेवारीतली घरं आजही गवंडी, सुतार आणि परवानाधारक अभियंतेच उभी करतात. कामावर कुंपण घातलं, तर ही घरं कोण बांधून देणार?

त्यानंतर कौन्सिलने नोव्हेंबर 2020 पासून किमान निकषांचे नवे नियम लागू केले. पाच वर्षं, दहा सत्रं हा सांगाडा कायम राहिला. इकडे 2020 च्याच राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मध्येच बाहेर पडण्याची मुभा देणाऱ्या पदव्यांची कल्पना मांडली, आणि कौन्सिलसारख्या संस्थांनी पुढे फक्त व्यावसायिक मानकं ठरवावीत असं सुचवलं. तीन वर्षांनी बाहेर पडलेल्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला काय म्हणायचं, त्याला काम कोणतं करता येईल, याचं सर्वमान्य उत्तर अजून पुढे आलेलं नाही.

प्रवेश आणि रिकाम्या जागा

2006 पासून ‘नाटा’ ही अभिक्षमता चाचणी आहे. महाराष्ट्रात सीईटी सेलच्या केंद्रीय फेऱ्यांतून प्रवेश होतात. बारावीला कोणते विषय हवेत याबाबतच्या पात्रतेच्या अटी अलीकडे सैल झाल्या: भौतिकशास्त्र आणि गणित राहिलं, तिसऱ्या विषयाला पर्याय आले. रिकाम्या जागा भरण्यासाठी दर्जा खाली आणला, असं काही शिक्षक म्हणतात. इतरांच्या मते रसायनशास्त्रात कच्चा पण हाताने चांगलं काढणारा मुलगा आता आत येऊ शकतो, आणि हे आधीच व्हायला हवं होतं. दुसऱ्या बाजूचं म्हणणं मला जास्त पटतं; आर्किटेक्टला रसायनशास्त्रापेक्षा डोळ्याची आणि धीराची गरज अधिक लागते.

जागा रिकाम्या का राहतात, याची कारणं गुंतलेली आहेत. कॉलेजं झपाट्याने वाढली. पाच वर्षांचा अभ्यासक्रम चार वर्षांच्या अभियांत्रिकीपुढे लांब वाटतो. सगळ्यांत मोठं कारण पदवीनंतरच्या पगाराचं. मॉडेलच्या साहित्यावर, प्रिंटवर आणि लॅपटॉपवर झालेला खर्च सोसलेल्या आईवडिलांना पहिल्या नोकरीचा आकडा ऐकून धक्का बसतो. त्यांच्या धाकट्या मुलाला कुठे घालायचं, हे त्याच दिवशी ठरतं.

यश कशात मोजायचं

कॉलेजच्या वार्षिक अहवालात तीन-चार गोष्टी हमखास असतात: ‘नासा’ या विद्यार्थी संघटनेच्या अधिवेशनातल्या ट्रॉफ्या, थीसिससाठी मिळालेले पुरस्कार, नामवंतांची व्याख्यानं, नोकऱ्या. 2018 पासून राष्ट्रीय क्रमवारीतही वास्तुकलेचा वेगळा वर्ग आहे. क्रमवारीचे निकष शोधनिबंधांना वजन देतात. इमारत बांधणाऱ्या शिक्षकाचं काम तिथे निबंधाइतकं सहज मोजलं जात नाही, ही तक्रार जुनी आणि रास्त आहे. दुसरीकडे, संशोधनाची सक्ती आली म्हणून काही ठिकाणी शिक्षक जुने वाडे, पाणवठे आणि बाजारपेठा अभ्यासू लागले, हेही नाकारता येत नाही.

ट्रॉफ्यांना हलकं लेखू नये. ‘नासा’ची लुई आय. कान ट्रॉफी दस्तऐवजीकरणासाठी असते, आणि कौन्सिलही वास्तुवारशाच्या दस्तऐवजीकरणाला व थीसिसला राष्ट्रीय पुरस्कार देते. हे काम जवळून पाहावं. मावळातला एखादा जुना वाडा मोजायला दहा-बारा मुलं पोहोचतात. पहिल्याच खोलीत त्यांना कळतं की चारही भिंती मोजून भागत नाही, कारण खोली काटकोनात नाही. दोन्ही कर्ण मोजावे लागतात, तेव्हा कागदावर खोली मिटते. ओळंबा सोडला की भिंत किती झुकली ते दिसतं. ओसरीवरच्या खांबांमधले खण सारखे वाटतात, टेप लावल्यावर एक बोटभर लहान निघतो. मग प्रश्न पडतो, हा खण नंतर बांधला का? तुळईच्या टोकाशी वाळवी आहे, ती टिपायची. घरातली आजी सांगते की पूर्वी मागच्या पडवीत बाळंतिणीची खोली होती, तेही टिपायचं. रात्री सगळे आकडे एकत्र बसवताना दोन रेखाटनांमध्ये चार इंचांचा फरक येतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं लागतं. बॅटलींच्या काळापासून चालत आलेली ही पद्धत विद्यार्थ्याला नम्र करते. स्टुडिओत स्वतःच्या कल्पनेवर प्रेम करायला शिकलेला मुलगा इथे दुसऱ्याच्या कामापुढे गप्प बसतो.

ज्युरीबद्दल मात्र शिक्षकांमध्ये दुमत आहे. रात्रभर जागून शीट लावायच्या, मॉडेल मांडायचं आणि चार जणांपुढे उभं राहून दहा मिनिटांत सहा महिन्यांचं काम समजवायचं. भर वर्गात केलेली टीका मुलांना घडवते, असं मानणारे आजही बरेच आहेत. ती मोडते असं म्हणणारेही वाढत आहेत, आणि जागरणाला शौर्य समजण्याच्या सवयीवर ते बोट ठेवतात. काही कॉलेजांनी अंतिम ज्युरीचं वजन कमी करून सत्रभरातल्या कामाला गुण दिले. त्याने निकाल सुधारले की नुसते सैल झाले, यावर एकमत नाही.

शहर समोर असताना

पिंपरी-चिंचवड हे वास्तुकलेच्या विद्यार्थ्याला मिळालेलं फार मोठं दान आहे. 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, पुढच्या दशकात एमआयडीसी आली, टेल्को आली. कामगारांना घरं देण्यासाठी 1972 मध्ये नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झालं, सेक्टर आखले गेले, भूखंड 99 वर्षांच्या भाडेपट्ट्याने दिले गेले. 2021 मध्ये ते प्राधिकरण बरखास्त झालं. एका नियोजित नगराचं जन्मापासून विलीनीकरणापर्यंतचं सगळं आयुष्य निगडीच्या कॉलेजपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. त्याला लागूनच अर्ध्या-एक गुंठ्यावर कुणाच्याही नकाशाशिवाय उभी राहिलेली दाट वस्ती आहे, आणि गुंठेवारी नियमित करण्याचा 2001 चा कायदा. देहूरोड आणि दिघीच्या लष्करी आस्थापनांभोवतीचा रेड झोन आहे. इंद्रायणीची निळी पूररेषा आहे. मे 2025 मध्ये चिखलीत त्या रेषेतले 36 बंगले न्यायालयीन आदेशानुसार पाडले गेले. त्याच महिन्यात शहराचा प्रारूप विकास आराखडा जाहीर झाला आणि त्यावर हजारो हरकती आल्या.

चाकणकडे गेलं की आणखी एक धडा. तिथले कारखाने बहुतेक पूर्वनिर्मित लोखंडी सांगाड्यांचे, कंपनीतून तयार होऊन येणारे. आर्किटेक्टला बोलावलं जातं ते दर्शनी भाग आणि कार्यालयाच्या इमारतीसाठी. कामगार राहतो तो महाळुंगे-निघोज्याच्या रांगेतल्या भाड्याच्या खोल्यांत, आणि त्या खोलीचा आराखडा ज्युरीत क्वचितच दिसतो.

यावरही दोन विचार आहेत. अभ्यासक्रम शहराच्या रोजच्या प्रश्नांना बांधला की कल्पनाशक्तीचे पंख छाटले जातात, असं एक मत. पाच वर्षं हीच एक वेळ, जेव्हा मुलं बजेट आणि एफएसआय विसरून विचार करू शकतात, असं ते लोक म्हणतात, आणि दोशींच्या परंपरेकडे बोट दाखवतात. पण त्याच दोशींनी इंदूरला अरण्यसारखी कमी उत्पन्न गटाची वसाहत आखली, जिला 1995 मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला. दुसरं मत असं की पूररेषा न वाचता येणारा आर्किटेक्ट बाहेर पाठवणं ही जोखीम आहे, आणि तिची किंमत घर घेणारा मोजतो. कोपरगावातलं माया सोमय्या ग्रंथालय या वादात मला महत्त्वाचं वाटतं. समीप पडोरा यांनी विटांच्या पातळ कमानी वळवून ते बांधलं. मुलांना त्याच्या छतावर चालत जाता येतं. साधी वीट, गावातली शाळा, आणि तरीही कल्पनेत कुठे काटकसर नाही.

कामाच्या जागी

पदवीआधीचं प्रत्यक्ष प्रशिक्षण हा अभ्यासक्रमाचा सक्तीचा भाग आहे. इथेच कॉलेज आणि कचेरी यांच्यातला ताण सर्वांत जास्त दिसतो. कचेरीचं म्हणणं, मुलाला वर्किंग ड्रॉइंग येत नाही, जिन्याची पायरी आणि उंची जुळवता येत नाही. मुलाचं म्हणणं, आम्हाला साइट दाखवतच नाहीत, दिवसभर कॉम्प्युटरवर टॉयलेटचे तपशील काढायला बसवतात आणि मानधन मिळालं तर मिळालं. दोघंही खरं सांगतात. वैद्यकीय आंतरवासितेत जशी शिकवण्याची जबाबदारी रुग्णालयावर असते, तशी ती इथे कचेरीवर नेमकी कोणी टाकायची, हे नियमांतून स्पष्ट होत नाही.

मुलींची संख्या वर्गात वाढली. स्वतःच्या नावाने कचेरी चालवणाऱ्या स्त्रिया त्या प्रमाणात दिसत नाहीत. पुण्यात जन्मलेल्या आणि जे. जे.त शिकलेल्या अनुपमा कुंडू यांचं ऑरोव्हिलमधलं काम जगभर पोहोचलं, पण अपवाद दाखवून वाट रुंद होत नाही. साइटवरची असुरक्षितता, रात्री उशिरापर्यंतचं काम, बाळंतपणानंतर व्यवसायात परतायची सोय नसणं, हे मुद्दे आता परिषदांतून मांडले जाऊ लागले आहेत. अभ्यासक्रमात त्यांना जागा अजून मिळायची आहे.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रश्न नवा आहे. चार ओळी लिहिल्या की चकचकीत चित्र तयार होतं, त्यामुळे चित्राला मिळणाऱ्या गुणांचा अर्थच बदलला. काही शिक्षक पुन्हा हाताने काढायला लावतात, काही या साधनांचा वापर उघडपणे शिकवतात. जुना वाडा मोजताना दोन्ही कर्ण मात्र टेप धरूनच मोजावे लागतात, आणि म्हणून दस्तऐवजीकरणाचं महत्त्व येत्या काळात वाढेल असा माझा अंदाज आहे.

शिल्लक प्रश्नांपैकी शुल्क आणि कायदादुरुस्ती मुंबई-दिल्लीत ठरतील. पण विकास आराखड्याच्या हरकतींवर, पूररेषेवर, गुंठेवारीतल्या घरांवर आकुर्डी-निगडीच्या मुलांनी सत्रभर काम करावं आणि महापालिकेने आपले नकाशे व अभियंते त्यासाठी खुले करावेत, याला ना विद्यापीठाचा दर्जा लागतो ना नवा कायदा. एका सत्राचं वेळापत्रक आणि महापालिकेच्या नगररचना विभागाचं एक पत्र एवढ्यावर ते सुरू होऊ शकतं.